घुमारा किती आणि कशासाठी? : इलेक्ट्रॉनिक की-बोर्डवरील रिव्हर्बची जुळवणी

विजापूरच्या गोलघुमटातील सज्जात उभे राहून टाळी वाजवली, की ती पुन्हा पुन्हा परत ऐकू येते. त्या प्रत्येक टाळीला स्वतंत्र अस्तित्व असते. म्हणून आपण तिला प्रतिध्वनी म्हणतो. याउलट एखाद्या जुन्या दगडी देवळाच्या गाभाऱ्यात घंटा वाजवली, तर वेगवेगळे प्रतिध्वनी ओळखता येत नाहीत. भिंती, छत आणि फरशी यांवरून परतणाऱ्या असंख्य लहरी इतक्या लागोपाठ कानावर येतात, की मूळ नाद लांबत लांबत विरून गेल्याचा भास होतो. हा घुमारा. इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या परिभाषेत यालाच 'रिव्हर्ब' म्हणतात.

तंबोरा, पेटी किंवा सतार वाजते, तेव्हा ती कुठल्या तरी जागेत वाजते आणि त्या जागेचा थोडाबहुत घुमारा स्वरात आपोआप मिसळतो. इलेक्ट्रॉनिक की-बोर्डचा स्वर मात्र चिपमध्ये जन्म घेतो. त्याला ना भिंत, ना छत. तो अगदी कोरडा असतो. त्याला 'जागा' मिळवून देण्याचे काम रिव्हर्ब करते. म्हणूनच बहुतेक वाद्यांमध्ये ते कारखान्यातूनच सुरू करून दिलेले असते. दुकानात दोन स्वर वाजवताच वाद्य भारदस्त वाटते, त्यात या घुमाऱ्याचा वाटा मोठा असतो. परंतु हीच सोय पुढे अडचणीची ठरू शकते. शिकणाऱ्याला स्वतःचे दोष ऐकू येत नाहीत, साथीत गायकाचे शब्द बुडतात आणि द्रुत लयीतील काम चिखलात रुतल्यासारखे होते. रिव्हर्ब किती ठेवायचे हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. गाणे, लय आणि प्रत्यक्ष वाजवण्याची जागा या तीन गोष्टी त्याचे उत्तर ठरवतात.

घुमारा मोजता येतो

सभागृह 'घुमते' हे कानाला फार पूर्वीपासून कळत होते. पण ते का आणि किती घुमते, याचे शास्त्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभे राहिले. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातील व्याख्यानगृहात वक्त्याचा एकही शब्द धड समजत नसे. ते सुधारण्याचे काम १८९५ मध्ये वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आले. ऑर्गनची एक नळी, एक घड्याळ आणि शेजारच्या नाट्यगृहातून रात्री आणलेल्या खुर्च्यांच्या गाद्या, एवढ्या सामग्रीवर त्यांनी प्रयोग केले. त्या रिकाम्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास ऐकू येत राहतो, असे त्यांना आढळले. गाद्या जसजशा वाढवाव्यात, तसतसा हा काळ कमी होई. यातूनच त्यांनी नियम मांडला, की घुमाऱ्याचा काळ खोलीच्या घनफळाबरोबर वाढतो आणि ध्वनी शोषून घेणाऱ्या पृष्ठभागाबरोबर घटतो. १९०० मध्ये उघडलेल्या बोस्टनच्या सिंफनी हॉलची रचना करताना सॅबाइन यांचाच सल्ला घेण्यात आला होता.

ध्वनीची पातळी साठ डेसिबलने खाली येण्यास, म्हणजे त्याची ऊर्जा दशलक्षांश होण्यास लागणारा वेळ हे आज घुमाऱ्याचे सर्वमान्य माप आहे. भाषणासाठी हा काळ साधारणतः एका सेकंदाच्या आत असावा, तर पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी दोन सेकंदांच्या आसपास असावा, असे मानले जाते. की-बोर्डवर 'रिव्हर्ब टाइम' या नावाखाली जो आकडा दिसतो, तो याच मापाचा वंशज आहे.

पोलादी पत्र्यापासून चिपपर्यंत

कृत्रिम घुमारा निर्माण करण्याचे पहिले मार्ग अगदी साधे होते. ध्वनिमुद्रणगृहातील आवाज एका रिकाम्या, गुळगुळीत भिंतींच्या खोलीत स्पीकरवर वाजवायचा आणि तेथे ठेवलेल्या मायक्रोफोनने तो पुन्हा टिपायचा. १९४७ मध्ये शिकागोच्या बिल पुटनम यांनी 'हार्मोनिकॅट्स' या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणासाठी चक्क स्वच्छतागृहाचा असा उपयोग केला होता. हॅमंड ऑर्गनमुळे स्प्रिंगमधून आवाज नेऊन घुमारा मिळवण्याची युक्ती रूढ झाली. १९५७ मध्ये जर्मनीच्या ईएमटी कंपनीने टांगलेल्या पातळ पोलादी पत्र्याला कंप देऊन घुमारा निर्माण करणारे यंत्र आणले. त्याचे वजन शेकडो किलो असे. आज की-बोर्डवर दिसणारा 'प्लेट' हा शब्द त्या पत्र्याची आठवण आहे.

संगणकाच्या साह्याने घुमारा निर्माण करण्याची रीत बेल प्रयोगशाळेतील मॅन्फ्रेड श्रोडर यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी मांडली. आवाज किंचित उशिराने पुन्हा स्वतःतच मिसळत राहायचा, आणि अशा अनेक साखळ्या एकत्र गुंफायच्या, हे तिचे सूत्र. पुढे चिप स्वस्त झाल्या आणि हे गणित वाद्याच्या पोटातच मावू लागले. १९८७ मध्ये आलेल्या रोलँड डी-५० मध्ये डिजिटल रिव्हर्ब अंगभूतच होते, आणि त्यानंतर ते सर्वसामान्य की-बोर्डपर्यंत पोहोचले.

निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी एकमेकांची भाषा समजावी यासाठी 'मिडी' ही संकेतपद्धती १९८३ मध्ये अस्तित्वात आली. तिच्यात ९१ क्रमांकाचा कंट्रोल रिव्हर्बचे प्रमाण सांगण्यासाठी वापरला जातो आणि त्याची किंमत ० ते १२७ या दरम्यान असते. १९९९ च्या 'जनरल मिडी लेव्हल २' या प्रमाणात ही किंमत सुरुवातीलाच ४० ठरवून दिली आहे आणि मोठ्या सभागृहाचा प्रकार गृहीत धरला आहे. म्हणजे आपण काहीही न करता या प्रमाणानुसार चालणारे वाद्य सुरू केले, तरी आपण एका मोठ्या सभागृहात जाऊन बसलेले असतो.

पडद्यावरील शब्दांचा अर्थ

रिव्हर्बची जुळवणी बहुतेक वाद्यांत 'फंक्शन', 'इफेक्ट' किंवा 'मेन्यू' या बटणाखाली सापडते. तेथे पुढील शब्द भेटतात.

टाइप : ही जागेची निवड. 'रूम' म्हणजे खोली, 'हॉल' म्हणजे सभागृह, 'स्टेज' म्हणजे रंगमंच आणि 'प्लेट' म्हणजे वर सांगितलेला पत्रा. जनरल मिडीच्या उपरोक्त प्रमाणात लहान, मध्यम आणि मोठ्या खोलीसाठी अनुक्रमे १.१, १.३ आणि १.५ सेकंद, सभागृहासाठी १.८ सेकंद, तर प्लेटसाठी १.३ सेकंद असे काळ दिलेले आहेत. प्रत्येक कंपनीचे आकडे थोडे वेगळे असले, तरी क्रम साधारण असाच असतो.

लेव्हल, डेप्थ किंवा सेंड : मूळ स्वराच्या तुलनेत घुमारा किती मिसळायचा ते प्रमाण. टाइप म्हणजे कोणत्या वास्तूत बसलो आहोत ते, तर लेव्हल म्हणजे श्रोत्यापासून किती दूर बसलो आहोत ते. लेव्हल वाढवली, की वाद्य मागे सरकल्यासारखे वाटते. कमी केली, की ते कानाशी येते.

टाइम किंवा डीके : घुमारा विरण्यास लागणारा काळ.

प्री-डिले : मूळ स्वर आणि घुमाऱ्याची सुरुवात यांच्यामधील अंतर. ते मिलिसेकंदात मोजतात. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. त्यामुळे २० मिलिसेकंद प्री-डिले म्हणजे भिंतीवरून परतलेल्या लहरीने थेट आलेल्या स्वरापेक्षा सुमारे सात मीटर जास्त प्रवास केला आहे. या छोट्या अंतरामुळे स्वराचा आघात स्वच्छ ऐकू येतो आणि घुमारा त्याच्या मागून येतो.

हाय डॅम्प : पडदे, सतरंज्या आणि माणसांचे कपडे उंच पट्टीतील ध्वनी आधी शोषतात. त्याचीच ही नक्कल. ती वाढवली, की घुमारा मऊ होतो. अगदी कमी ठेवली, तर फरशी लावलेल्या मोकळ्या खोलीसारखा तो चरचरीत होतो.

सर्वच वाद्यांत या साऱ्या सोयी नसतात. साध्या की-बोर्डवर केवळ टाइप आणि लेव्हल एवढेच मिळते. पण या दोहोंनीही बरेच काम भागते.

येथे एक नेहमीची गल्लत दूर करायला हवी. 'सस्टेन' आणि रिव्हर्ब एक नव्हेत. सस्टेनने स्वर स्वतःच वाजत राहतो, तर रिव्हर्बमध्ये स्वर थांबलेला असतो आणि मागे राहते ती फक्त त्याची छाया. दोन्ही एकाच वेळी वाढवून ठेवले, तर बोट उचलल्यावरही लगतचे दोन स्वर एकमेकांवर स्वार होतात. भैरवातील षड्ज आणि कोमल रिषभ असे एकत्र रेंगाळले, तर रागाचा रंगच गढूळ होतो.

जुळवणीचा क्रम

रिव्हर्ब जुळवताना आहे त्यात थोडे कमी-जास्त करण्यापेक्षा शून्यापासून आरंभ करणे हितकारक ठरते.

१) प्रथम रिव्हर्ब पूर्ण बंद करून वाद्याचा कोरडा स्वर ऐकावा. काही ध्वनींच्या मूळ मुद्रणातच थोडा घुमारा असतो. तो बंद होणार नाही, हे लक्षात ठेवावे.

२) जे गाणे वाजवायचे आहे, त्याच्याच लयीत एक ओळ वाजवावी. निव्वळ एखादा स्वर दाबून केलेली निवड बहुधा चुकते, कारण एकटा स्वर घुमाऱ्यात नेहमीच सुंदर वाटतो.

३) आधी टाइप निवडावा. संथ भावगीत किंवा आलापी असेल तर हॉल, लावणी किंवा कोळीगीतासारखा ठेका असेल तर रूम, हा ढोबळ नियम धरून चालावे.

४) मग लेव्हल शून्यापासून हळूहळू वाढवावी. घुमारा आहे असे स्पष्ट जाणवू लागले, की तेथे थांबून दोन पावले मागे यावे. रिव्हर्ब सुरू असताना लक्षात येऊ नये, पण बंद करताच काहीतरी हरवल्यासारखे वाटावे, ही योग्य प्रमाणाची खूण होय.

५) सोय असल्यास शेवटी टाइम, प्री-डिले आणि डॅम्प यांना हात लावावा.

६) झालेली जुळवणी 'रजिस्ट्रेशन मेमरी'त साठवावी. अनेक वाद्यांत स्टाइल किंवा ध्वनी बदलताच अथवा वाद्य बंद करताच ती मूळ स्थितीला जाते.

लयीचे गणित

टाइम ठरवताना थोडा हिशेब उपयोगी पडतो. साठ सेकंदांना लयीच्या आकड्याने भागले, की एका मात्रेचा काळ मिळतो. लय १२० असेल तर मात्रा अर्ध्या सेकंदाची. त्या लयीत चौपटीची तान घेतली, तर सेकंदाला आठ स्वर, म्हणजे प्रत्येक स्वर सव्वाशे मिलिसेकंदांचा. आता १.८ सेकंदांच्या हॉलमध्ये घुमारा साठ डेसिबलने खाली येतो, म्हणजे दहा डेसिबलने उतरायला त्याला ०.३ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात दोनाहून अधिक नवे स्वर येऊन गेलेले असतात. मागच्या स्वरांच्या छाया पुढच्यांवर पडतात आणि तान दाणेदार न वाटता पुसट होते. तेच १.१ सेकंदाच्या खोलीत दहा डेसिबल उतरण्यास ०.२ सेकंदही लागत नाहीत. विलंबित लयीत, जिथे एकेक स्वर सेकंदभर टिकतो, तिथे हाच लांब घुमारा शोभून दिसतो. टाइप तोच असला, तरी लय बदलली की त्याचा परिणाम बदलतो, तो असा.

कोणत्या वाद्याला किती

की-बोर्डवर एका वेळी अनेक वाद्ये वाजत असतात. रिव्हर्बचा टाइप बहुधा सर्वांसाठी एकच असतो. प्रत्येकाची लेव्हल मात्र वेगळी ठेवता येते. हीच सोय सर्वांत कमी वापरली जाते. ० ते १२७ या मापात आरंभासाठी पुढील प्रमाण घेता येईल. बेस गिटारला ० ते १०. कारण खर्जातील घुमारा सर्वांत जास्त जागा अडवतो. तबला, ढोलकी आणि ड्रमला १५ ते ३०. त्यापुढे गेल्यास 'तिरकिट'ची अक्षरे एकमेकांत मिसळतात. पेटीला २० ते ३०. पेटी घरात, बैठकीत जवळून ऐकण्याची आपल्या कानाला सवय आहे, ती सभागृहाच्या टोकाला गेली की खोटी वाटते. बासरी आणि व्हायोलिनवृंदाला ४० ते ६०. या नादांना मोकळी जागा मानवते. संतूर, घंटा यांचा स्वर मुळातच लांबणारा असल्याने त्यांना २० ते ३० पुरेत. वाद्यागणिक या आकड्यांत फरक पडेल. परंतु खर्जाला कमी, ठेक्याला थोडा आणि लांब स्वरांना अधिक, हा क्रम सहसा चुकत नाही.

गायकाच्या साथीत याहूनही संयम हवा. मराठी भावगीतात शब्दाला प्राधान्य असते. 'त', 'च', 'स', 'ख' यांसारखी व्यंजने क्षणिक आणि क्षीण असतात. की-बोर्डच्या व्हायोलिनवृंदाचा लांबलेला घुमारा नेमका त्यांच्यावर येतो. श्रोत्याला स्वर ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. अशा वेळी आवाज वाढवून उपयोग होत नाही. साथीचे रिव्हर्ब उतरवावे लागते.

सभागृहात आणि मैदानात

घरी जुळवलेले रिव्हर्ब कार्यक्रमात जसेच्या तसे चालत नाही. सभागृहाला स्वतःचा घुमारा असतोच. त्यात वाद्याचा घुमारा, आणि ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याने मिक्सरवर टाकलेला तिसरा, असे थर चढले की सर्व काही धूसर होते. यावर सोपा उपाय म्हणजे कार्यक्रमापूर्वी ध्वनिव्यवस्थापकाशी बोलून घुमारा एकाच ठिकाणी, वाद्यावर किंवा मिक्सरवर, ठेवण्याचे ठरवणे. वाद्यातून एकच वायर मिक्सरला जाणार असेल, तर ती 'एल/मोनो' या खाचेत लावावी; अन्यथा दोन बाजूंना पसरलेल्या आवाजाचा अर्धाच भाग पुढे जातो.

आणखी एक बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ध्वनिचाचणी बहुधा रिकाम्या सभागृहात होते. सॅबाइन यांच्या गाद्यांचे जे काम, तेच काम प्रेक्षक करतात. प्रेक्षागृह भरले, की नैसर्गिक घुमारा घटतो. म्हणून रिकाम्या सभागृहात थोडे कोरडे वाटले तर घाबरू नये असे नाही, उलट तेथे ते फार ओले वाटत असले, तरी लगेच सारे शून्यावर आणू नये. प्रेक्षक आल्यावर पहिल्या गाण्यात पुन्हा कानोसा घ्यावा.

गणेशोत्सवातील उघड्या मंडपाची गोष्ट वेगळी. तेथे छत-भिंतींचा आधार नसल्याने स्वर उघडा पडतो आणि थोडे अधिक रिव्हर्ब खपून जाते. मात्र समोरच मोठी इमारत असेल, तर तिच्यावरून स्वच्छ प्रतिध्वनी परत येतो. सतरा मीटरवरील भिंतीवरून आवाज दशांश सेकंदाने परततो, हे शालेय विज्ञानात आपण शिकलेलो असतो. अशा जागी वाद्यावर लांब घुमारा ठेवणे म्हणजे गोंधळात भर घालणे होय.

हेडफोनवर वाजवताना खोलीचा घुमारा अजिबात मिसळत नाही. स्पीकरवर तो मिसळतो. म्हणून महत्त्वाची जुळवणी दोन्हींवर ऐकून मगच कायम करावी.

रियाजाला कोरडा स्वरच बरा

रिव्हर्बचा सर्वांत दूरगामी परिणाम होतो तो शिकणाऱ्यावर. बोट वेळेआधी उचलले गेले, दोन स्वरांमध्ये फट राहिली, एक पट्टी जोरात आणि दुसरी हलकी पडली, तर कोरड्या स्वरात ते तत्काळ उघडे पडते. घुमारा या साऱ्यावर पांघरूण घालतो. फट भरून निघते आणि अलंकार सलग वाटू लागतात. वर्षभर असा रियाज केलेला विद्यार्थी साध्या पेटीवर किंवा पियानोवर बसतो, तेव्हा त्याला आपला हात अचानक बिघडल्यासारखा वाटतो. वास्तविक हात तोच असतो; झाकण मात्र उडालेले असते.

म्हणून पलटे, अलंकार आणि लयीचा सराव रिव्हर्ब बंद ठेवूनच करावा. गाणे बसले, की मग शेवटी एकदा घुमाऱ्यासह वाजवून त्याचा आनंद जरूर घ्यावा. पालकांनीही वाद्य घेताना दुकानातील भारदस्त आवाजावर न जाता विक्रेत्याला रिव्हर्ब बंद करण्यास सांगावे आणि मगच दोन वाद्यांची तुलना करावी. कोरड्या स्वरात जे वाद्य कानाला गोड लागते, ते घुमाऱ्यात गोड लागणारच. याच्या उलट खात्री मात्र देता येत नाही.

स्वयंपाकातील मिठासारखे रिव्हर्बचे आहे. ते नसले तर पदार्थ अळणी होतो; पण पानात वाढल्यावर जेवणाऱ्याला मिठाची आठवण झाली, तर कुठे तरी प्रमाण चुकले आहे असे खुशाल समजावे.